दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

"दोन्ही ग्लासांत पाणी सारखंच आहे ना गं?" सरांनी नातीला विचारलं.

नातीनं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून डोळे बारीक केले. "सारखंच."

सरांनी एका बुटक्या ग्लासातलं लाल पाणी तिच्या डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या ग्लासात ओतलं. "आणि आता? आता सारखंच आहे?"

नातीनं ग्लासाकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "नाही. उंच ग्लासात जास्त."

वर्गातल्या मुलींनी माना डोलावल्या. सगळ्या उद्याच्या शिक्षिका. लहान मुलं इथे हमखास चुकतात, हे त्यांनी पुस्तकात वाचलंच होतं. पण सर मिशीतल्या मिशीत हसत होते. त्यांनी दुसरे दोन ग्लास घेतले, सारखं पाणी भरलं आणि नातीला नुसतं बघू दिलं. मग एक ग्लास उंच ग्लासात ओतला आणि एकदाच विचारलं.

"सारखंच की," नात म्हणाली. "तूच तर इकडचं तिकडे ओतलंस."

वर्गात हशा पिकला. सरांनी तो ओसरू दिला. त्यांचा आवाज मुळातच बारीक. डोक्यावरचा पंखासुद्धा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलायचा.

"मघाशी पोर पाण्यामुळे फसलं नव्हतं, माझ्यामुळे फसलं. मोठं माणूस तोच प्रश्न परत विचारतं, तेव्हा मूल पाण्याकडे बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघतं. त्याला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं असणार, नाहीतर परत कशाला विचारतील? मग बिचारं उत्तर बदलून देतं. सगळीच मुलं असं करत नाहीत. शहाणी, ऐकणारी मुलं जास्त करतात."

"आजोबा, माझं पहिलं उत्तर चुकलं होतं का?" नातीनं मध्येच विचारलं.

"नाही गं पिटुकले. बरोबर होतं. मीच उगाच परत विचारलं."

सगळ्या पुन्हा हसल्या. शेवटच्या बाकावर बसलेली सरांची मुलगी तेवढी हसली नाही. परवा ती न कळवता माहेरी आली होती. लेकीला सरांच्या प्रयोगाला आणायचं निमित्त काढून आज कॉलेजातही आली होती.

तास संपल्यावर सर आपल्या खोलीतल्या बेसिनपाशी ग्लास विसळू लागले. मुलगी दाराशी उभी राहिली. नात खुर्चीवर बसून पाय हलवत होती.

"बाबा, मी परत नाही जाणार," मुलगी म्हणाली. "तिथे मी चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवते. मला तुमच्याकडे राहायचंय."

सरांना वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्याच वेळी आनंदही झाला. दोन दिवसांत त्यांचं घर जागं झालं होतं. राहा, एवढंच म्हणायचं होतं. पण आपल्या आनंदापायी तिच्या आयुष्याचा निर्णय आपण घ्यायचा, हे त्यांच्या तत्त्वात बसेना.

मुलीवर त्यांनी कधी कसली सक्ती केली नव्हती. याचा त्यांना कोण अभिमान! तिला चित्रकला शिकायची होती, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "बघ हं, नक्की चित्रकलाच?" दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून विज्ञान शाखेचं नाव सांगितलं. लग्नासाठी एक मुलगा बघून गेल्यावर ती आधी "नको" म्हणाली होती. सर रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. जेवताना फक्त एकदा विचारलं, "नको म्हणतेस, नक्की ना?" सकाळी ती हो म्हणाली. माझ्या मुलीनं सगळे निर्णय स्वतः घेतले, असं ते प्रत्येक नव्या वर्गाला कौतुकानं सांगत.

आजही त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "नीट विचार केलास ना, बाळा? खरंच राहायचंय?"

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पदराचं टोक उगाचच सारखं केलं.

"नाही... म्हणजे, एवढं काही नाही. प्रत्येक घरात असतंच काही ना काही. जाते मी. संध्याकाळची गाडी मिळेल."

"तू म्हणशील तसं," सर म्हणाले आणि त्यांनी ग्लास फडक्यावर पालथा घातला.

मुलीनं पर्स खांद्याला लावली. लेकीला खुर्चीवरून उतरवलं. दारातून बाहेर पडता पडता नातीनं मान वळवली.

"आजोबा, आईचं पहिलं उत्तर चुकलं होतं का?"

सरांचे ओले हात तसेच राहिले. चित्रकला. लग्न. आणि आत्ता, या खोलीत, वर्ग सुटून दहा मिनिटंही झाली नव्हती तेव्हा. जन्मभर जे शिकवलं, ते एकदाही घरी नेलं नाही. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि लेकीची माया दाटून आली.

ते धावत जिन्यापाशी गेले. दोघी अर्ध्या पायऱ्या उतरल्या होत्या. राहा म्हणायचं. बस, एक शब्द. पण तिला सरळ काही सांगायची सवयच त्यांच्या जिभेला नव्हती. जन्मभर फक्त विचारलं होतं.

"बाळा," ते वरून म्हणाले, "जायचंच आहे का तुला?"

ती थांबली. वळून तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मघाचं 'नीट विचार केलास ना' अजून तिच्या कानात होतं. मग हसली, लहानपणी प्रगतिपुस्तक पुढे करताना हसायची तशी.

"हो बाबा. या वेळी अगदी नीट विचार केलाय."