नऊ मीटरांवरचा थांबा

रक्तात बुडबुडे होऊ नयेत म्हणून वर येताना चाळीस मिनिटे थांबण्याचा नियम आता पाणबुड्यांचा यांत्रिक पोशाखच पाळायला लावी. नऊ मीटरांवर त्याने पाणबुडे पद्माकर तांडेल यांचे सांधे कुलूपबंद केले होते. खाली, दोराच्या टोकाशी, त्यांचा जोडीदार हिरोजी जाळ्यात अडकला होता. त्याच्याजवळ दहाच मिनिटांची हवा उरली होती.

“मला खाली सोड, बाबा!”

“नियमबाह्य आहे,” पोशाख नम्रपणे म्हणाला.

“दादा, वाद नको. हा माझ्या सासऱ्याहून हट्टी आहे,” कानातल्या यंत्रातून हिरोजी धापा टाकत हसला.

तांडेलांची बोटे तेवढी मोकळी होती. त्यांनी आपले राखीव सिलिंडर दोरात अडकवून खाली सोडले.

“राखीव हवेविना थांबणे धोक्याचे आहे.”

“मग वर सोड.”

“तेही नियमबाह्य आहे.”

एवढ्यात दोराला खालून एक हिसका बसला. पाणबुड्यांच्या जुन्या खुणेत त्याचा अर्थ होता: मिळाले.