व्हायोलिनातला खुळखुळा

चार्ल्सटनहून व्हायोलिन विकत घ्यायला आलेल्या पोराने ते कानाशी धरून हलवलं. “आजी, आतलं काहीतरी सुटलंय.” “सुटलं नाही, मुद्दाम टाकलंय. रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा आहे. आमच्या डोंगरात सगळेच टाकतात, उंदीर फिरकत नाहीत.” माझ्या नवऱ्याने मागल्या दारचा मेपल तोडून हे व्हायोलिन घडवलं होतं. संध्याकाळी त्याने ते खुंटीवरून काढलं की आत खुळखुळायचं, आणि मी कॉफी ठेवायचे. तो गेल्यापासून ते खुंटीवरच. न वाजवलेलं व्हायोलिन मुकं होतं, म्हणून विकायला काढलं. “चिमट्याने काढून टाकतो,” पोरगं म्हणालं. “मग हात हलवत परत जा बाबा.” ते हसलं. “बरं, राहू दे.” व्यवहार झाला. त्याने व्हायोलिन उचललं, आत खुळखुळलं. “आजी, येतो,” पोरगं दारातून म्हणालं, तेव्हा चुलीवर कॉफी होती आणि माझ्या हातात दोन कप.