पिंप्राळ्याचा अर्ज

नोटीस वाचून झाल्यावर रतिलाल शेठनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि कागद तोतारामपुढे सरकवला.

"पिंप्राळ्याच्या लोकांनी अर्ज केलाय. दोनशे अंगठे आहेत. हे कुणी गोळा केले, तेवढं शोधून काढ. धुळ्याचे पाटील सारखे विचारताहेत."

तोताराम शेठच्या मोटर कंपनीचा मॅनेजर. नऊ वर्षं जळगाव–धुळे रस्त्यावर शेठच्या मोटरी धावत होत्या आणि धुळ्याच्या हिलाल पाटलांच्याही. एकमेकांचे उतारू पळवायचे, एरंडोलच्या नाक्यावर ड्रायव्हरांची डोकी फुटायची. यंदा, १९४० साली, दोघांनी वैर मिटवून दोन्ही कंपन्या एक करायचं ठरवलं होतं. मुंबईची एक बडी कंपनी बारा नव्या मोटरी घेऊन याच रस्त्यावर उतरणार, अशी कुणकुण होती.

त्यात हा अर्ज. एकच मालक उरला तर तो भाडं मनाला येईल तसं वाढवील, सरकारने दोन कंपन्या एक होऊ देऊ नयेत, असं त्यात लिहिलं होतं. परवाने देणाऱ्या मंडळाने धुळ्याला सुनावणी लावली. परवाने गेले तर कंपनी बसणार होती आणि कंपनीबरोबर चाळीस घरं.

तोतारामने सायकल काढली आणि पिंप्राळा गाठला. एरंडोलच्या बाजाराला भाजी नेणाऱ्या तानुबाईने काही आडपडदा ठेवला नाही.

"आपला गनी डरायवर उन्था ना. म्हने, अंगठा दे माय, भाडं वाढाव नही. खोटं शे का काही?"

गनी येऊन गेला, हे ऐकून तोतारामने सायकल वळवली. परतताना तो बराच वेळ सायकल हातात धरून पायीच चालला.

गनी नशिराबादचा, कंपनीचा पहिला ड्रायव्हर. तोतारामची बायको प्रमिलाबाई बाळंतपणात अडली तेव्हा याच माणसाने उतारूंना रस्त्यात उतरवून मोटर थेट दवाखान्याच्या दारात नेली होती. आई आणि मुलगी दोघी त्या दिवशी वाचल्या.

मोटर अड्ड्यावर गनी इंजिनात डोकं घालून उभा होता.

"गनीभाई, पिंप्राळ्याला गेला होतास?"

गनीने चिंधीला हात पुसले. "गेलो होतो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"ते विचारू नका, भाऊ."

"शेठच्या कानावर गेलं तर नोकरी राहायची नाही."

"तुमच्या मनाला येईल तसं करा," गनी म्हणाला आणि पुन्हा इंजिनाकडे वळला.

संध्याकाळी तोतारामने शेठला सांगितलं, "पत्ता लागत नाही. लोक तोंड उघडत नाहीत."

शेठ नुसतं "बरं" म्हणाले. नऊ वर्षांत तोताराम त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला होता. घरी त्याला भाकरी गोड लागली नाही.

धुळ्याच्या सुनावणीला पिंप्राळ्याची वीसेक माणसं आली होती. मागच्या बाकावर मुंबईच्या कंपनीचा माणूस कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मंडळाच्या साहेबांनी आधी तोतारामलाच उभं केलं.

"अर्ज कुणी करवला, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही, साहेब."

शपथेवर सांगितलं होतं.

मग साहेब शेठच्या वकिलाकडे वळले. "दोन मालक होते तोवर लोकांना निवड होती. आता त्यांनी कुठे जायचं?"

वकील सावकाश उठले. "लोकांची भीती आम्हाला मान्य आहे, साहेब. भाडं बांधून द्या. पाच वर्षं एक पैसा वाढवणार नाही."

हिलाल पाटलांनी चमकून शेठकडे पाहिलं. शेठ खाली मान घालून बसले होते.

"मात्र आमचे हात असे बांधल्यावर," वकील पुढे म्हणाले, "दुसरा कुणी येऊन आमचे उतारू नेऊ लागला, तर आम्ही बुडू आणि ही बांधलेली भाडीही बुडतील. तेव्हा पाच वर्षं या रस्त्यावर नव्या मालकाला परवाना देऊ नये."

साहेबांनी अर्जावरचे अंगठे पुन्हा एकदा चाळले. दुपारनंतर हुकूम झाला. एकत्रीकरणाला मंजुरी, भाडं बांधलेलं आणि पाच वर्षं नवा परवाना नाही. पिंप्राळ्याची माणसं खुशीत बाहेर पडली. मुंबईचा माणूस त्यांच्याही आधी निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोताराम शेठसमोर उभा राहिला. ऑफिसच्या किल्ल्या त्याने गादीवर ठेवल्या.

"शेठ, मी तुम्हाला फसवलं. अंगठे गनीने गोळा केले. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्याकडून हे करवलं कुणी, ते तो सांगत नाही. पण माझ्या घरावर त्याचे उपकार आहेत, म्हणून मी गप्प राहिलो. शपथेवरही खोटं बोललो. काढायचंच असेल तर मला काढा, त्याला राहू द्या."

शेठनी किल्ल्या उचलल्या आणि त्याच्याच हातात परत दिल्या.

"गप्प राहिलास ते बरं केलंस. चारचौघांत नाव फुटलं असतं, तर मला गनीला काढावंच लागलं असतं," ते म्हणाले. "आणि मग पुढच्या महिन्यात चोपड्याची कंपनी घेताना तिथले अंगठे मी कुणाकडून गोळा करवले असते?"