लाल बटणं कडक हवीत

"याहून कडक नाही का?" मास्तरांनी लाल बटण दाबून पाहत विचारलं.

"आहे ना, पण मग सोबत हातोडी घ्यावी लागेल," दुकानदार म्हणाला.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी बटण पुन्हा दाबलं, मग भराभर दाबत राहिले, बोट दुखेपर्यंत. सुतारकाम शिकवण्यात सगळी नोकरी गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी प्लायवूड कापून घरीच व्हिडिओ गेमचं उभं मशीन करायला घेतलं होतं. पूर्वी नाक्यावरच्या गेमच्या दुकानात असायचं तसं, दोघांनी शेजारी उभं राहून खेळायचं. डावीकडे लाल बटणं, उजवीकडे पिवळी. पेटी कधीच तयार झाली होती. घोडं अडलं होतं ते बटणांवर.

पिवळी पसंत करायला त्यांना अजिबात वेळ लागला नव्हता. सगळ्यात हलकी स्प्रिंग आणि तिच्याखाली सगळ्यात चपळ मायक्रोस्विच. बोट टेकवलं की टिक! लालसाठी मात्र ते रोज येत होते. एखादं बटण न्यायचं, दुसऱ्या दिवशी परत आणायचं आणि त्या निमित्ताने स्टुलावर बसून चहा होईपर्यंत गप्पा मारायच्या.

शेवटी दुकानदाराला राहवलं नाही. "काका, एक बाजू लोण्यासारखी आणि एक दगडासारखी. हा काय प्रकार आहे?"

दुकानात दुसरं कोणी नाही याची मास्तरांनी खात्री करून घेतली.

"मुलीशी पैज आहे," ते म्हणाले. "ती लहान होती तेव्हा आमची भांडणं नाक्यावरच्या मशीनवर मिटायची. तिने केस कापायचे की नाही, सहलीला जायचं की नाही, जो जिंकेल त्याचं खरं. तिच्या आईला मुळीच पटायचं नाही ते."

"आणि आता कसलं भांडण?"

"आई गेल्यापासून तिने एकच टुमणं लावलंय. बाबा, एकटे राहू नका, आमच्याकडे चला. मी नाही म्हटलं. चार नातेवाइकांसमोर छातीठोकपणे सांगितलं, मेलो तरी मुलीच्या दारी राहायला जाणार नाही. तरी ती ऐकेना. म्हटलं, ये सुट्टीच्या दिवशी, लावू निकाल. ती जिंकली तर मी बिऱ्हाड हलवणार. मी जिंकलो तर तिने पुन्हा विषय काढायचा नाही."

दुकानदाराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आणि मशीन बनवणार तुम्ही! काका, ही तर शुद्ध लबाडी झाली."

"लबाडीच," मास्तर शांतपणे म्हणाले. "पण ती कळता कामा नये. रंग सोडला तर वरून दोन्ही बटणं सारखीच दिसली पाहिजेत. पोरीची नजर फार तीक्ष्ण आहे. खेळात जरा काही वावगं झालं की तिला लगेच कळतं. मग सगळंच मुसळ केरात."

दुकानदाराला त्या न पाहिलेल्या मुलीची थोडी कीव आली. पण म्हाताऱ्याची गंमतही वाटली, आणि आपल्या हातची कला दाखवायची संधी कोण सोडतो? त्याने लाल बटण उघडलं, एका स्प्रिंगच्या आत दुसरी बारीक स्प्रिंग बसवली आणि बटण बंद करून पुढे केलं.

मास्तरांनी भराभर दाबायला घेतलं. थोड्याच वेळात बोट अडखळायला लागलं, दमलं, थांबलं. त्यांचा चेहरा खुलला.

"हेच! अशीच सगळी करून द्या. आणि सुट्टीच्या दिवशी तुम्हीही या. वायरी एकदा तपासून घ्या आणि पंच म्हणून उभे राहा."

ठरल्या दिवशी दुकानदार गेला. दार उघडायला मास्तरांना बराच वेळ लागला. बोळातला दिवा गेलेला होता. अलीकडे स्टुलावर चढायची भीती वाटते, म्हणाले. दुकानदाराने दिवा बदलला आणि मग वायरी तपासल्या. सगळं चोख होतं. लाल बटणं कडक, पिवळी मऊ, आणि बघणाऱ्याला रंगापलीकडे काडीचाही फरक दिसत नव्हता.

मुलगी आली ती बाह्या सरसावतच. "बाबा, आज तुमची खैर नाही!"

मास्तर चष्मा पुसायला आत गेले, तशी ती दुकानदाराकडे वळली. तिचा आवाज उतरला. "बाबा मागे न्हाणीघरात घसरून पडले होते. मला शेजाऱ्यांनी कळवलं, यांनी नाही. त्यांच्यासाठी घरात खोली कधीची रिकामी ठेवलीय मी. आज मी हरले तर मला पुन्हा विचारता येणार नाही, शब्द दिलाय. म्हणून रोज सराव करून आलेय."

आपण हे काय करून बसलो, असं दुकानदाराला झालं. आतल्या स्प्रिंगा काढून घ्यायला कितीसा वेळ लागला असता? तो स्क्रूड्रायव्हरसाठी खिसा चाचपडू लागला, तेवढ्यात मास्तर बाहेर आले.

मुलगी मशीनपाशी गेली आणि नेमकी डावीकडे, लाल बटणांसमोर उभी राहिली.

सांगून टाकावं, होऊ दे काय व्हायचं ते. दुकानदार एक पाऊल पुढे झाला.

मास्तरांनी मागून येऊन मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला हलकेच उजवीकडे ढकललं.

"सरक तिकडे चिमे," ते म्हणाले आणि त्यांनी आपली बोटं लाल बटणांवर ठेवली. "ही बाजू माझी."