दुसरी आरोळी

नळी पुन्हा रिकामी होती.

आस्लाकने फ्रिजचं दार उघडं धरलं आणि आतल्या काचेच्या बुधल्याकडे बघत राहिला. बिअर आंबून झाली की तो बुधला चार दिवस थंडीत ठेवायचा, म्हणजे यीस्ट तळाशी बसायचं आणि वर नितळ बिअर राहायची. पण थंडीने बुधल्यातला वायू आकसतो. मग बुचातली वाकडी नळी, जी एरवी आतला वायू तेवढा बाहेर सोडते, तीच उलटी ओढायला लागते. आधी नळीतलं पाणी आत, आणि त्यामागून खोलीतली हवा.

ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपा बाटल्यांत भरल्या आणि महिन्याभरात बिघडल्या. या वेळी त्याने नळ्या बदलल्या होत्या, बूच उकळलं होतं, नळीत पाण्याऐवजी कडक दारू भरली होती. भिंती सोड्याने घासल्या होत्या. त्याच्या थोरल्या भावाने, तोर्मुडने, चाळीस वर्षं याच खोपटात बिअर केली, पण एवढी आंघोळ या भिंतींना कधी घडली नव्हती. आस्लाकने नळीत पुन्हा दारू ओतली. तेवढ्यात दार वाजलं.

तोर्मुडची बायको सिग्ने आली होती. हातात अर्धी बाटली.

"ईस्टरला दिली होतीस ना, आज उघडली," ती म्हणाली. "फसफसून निम्मी ओट्यावरच गेली."

"फेकून द्या, वहिनी. बिघडलीय ती. काहीतरी शिरतंय आत. तेच शोधतोय."

"मग चाखून बघ, काय शिरतंय ते."

"मी चाखलीय."

"माझ्यासमोर चाख."

त्याने घोट घेतला. संत्र्याच्या सालीचा वास, आणि त्यामागे किंचित धूर. पहिल्या खेपेलाच त्याला ही तोर्मुडच्या बिअरची चव ओळखू आली होती. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

सिग्ने उलट्या बादलीवर बसली. तुळईवर एक रिकामा खिळा होता, त्याच्याकडे तिने पाहिलं. त्या खिळ्याला बर्चच्या लाकडाचं कडं टांगलेलं असायचं, आणि त्याच्यावर घराण्याचं यीस्ट वाळत असायचं, आजेसासऱ्यांच्या वेळेपासून. दरीतल्या बाकी सगळ्यांनी केव्हाच दुकानातल्या यीस्टच्या पुड्या आणायला सुरुवात केली होती. तोर्मुड गेला आणि आठवड्याभरात कडंही गेलं.

"उंदरांनी खाल्लं म्हणाला होतास."

"हो."

"मग उंदरांनी बरंच मागे ठेवलं की. लाकूड मात्र सगळं फस्त केलं."

आस्लाकने बाटली खाली ठेवली. तुळयांवर त्या यीस्टची चाळीस वर्षांची धूळ आहे, तो म्हणाला, धुऊन जात नाही. बुधला गार होताना हवा ओढतो, आणि हवेबरोबर ती धूळ आत जाते. पुडीतलं यीस्ट झोपलेलं असतं, तोवर हे जुनं बाटलीत जागं होतं. परीक्षेला बसलेल्या पोरासारखं त्याने हे सगळं एका दमात सांगितलं. मग म्हणाला, "उंदीर नव्हते, वहिनी. मी जाळलं. या चुलीत."

सिग्ने चिडली नाही. "का?" एवढंच तिने विचारलं.

यीस्ट टाकताना पिंपात तोंड घालून आरोळी ठोकायची, ही या दरीची जुनी रीत. आरोळी जेवढी मोठी, तेवढी बिअर जोरदार. तोर्मुडची आरोळी पाण्यापलीकडच्या गावात ऐकू जायची, आणि पलीकडचे लोक घड्याळ लावल्यासारखे म्हणायचे, झालं, त्याने यीस्ट टाकलं. ती ऐकून कुणी धावत जात नाही. जाण्यासारखं त्यात काही नसतं.

"तो गेला त्या दिवशी दोनदा ओरडला," आस्लाक म्हणाला. "मी मागे लाकडं रचत होतो. पहिली ऐकली. थोड्या वेळाने दुसरी. मी हसलो, वहिनी. म्हटलं, म्हाताऱ्याला एका आरोळीने भागत नाही आता. अन् लाकडं रचत राहिलो. संध्याकाळी तुम्ही हाक मारलीत तोवर."

पुढचं दोघांनाही ठाऊक होतं. तोर्मुड पिंपाशेजारी पालथा पडला होता, एक हात दाराकडे.

"मग ते कडं दिसलं की मला ऐकू यायचं," आस्लाक म्हणाला. "म्हणून जाळलं."

फ्रिजची मोटर सुरू झाली. नळीतली दारू हळूहळू आतल्या बाजूला चढली आणि एक बुडबुडा आत गेला. दोघांनीही तिकडे पाहिलं. 

"मी पीठ मळत होते," ती म्हणाली. "खिडकी उघडी होती. दोन्ही ऐकल्या मी. म्हटलं, आज स्वारी जोरात आहे."

चार वर्षं दोघं एका अंगणात राहत होती, आणि चार वर्षं दोघांनीही हे एकमेकांपासून जपून ठेवलं होतं.

सिग्ने उठली. बाटलीच्या तळाशी यीस्टचा पांढरा साका होता. तिने बाटली न हलवता त्याच्या हातात दिली.

"हे वाढव. नवीन कडं कोरून घे. पुढची बिअर याच्यावरच कर."

"मला आरोळी नाही द्यायला जमणार, वहिनी."

"द्यायची. रीत आहे." ती दारात थांबली. "आणि तू ओरडलास की मी हातातलं टाकून धावत येणार. दर वेळी येणार. कितीही वेळा ओरडलास तरी."