पिकुनला हाक

ऊन आधी विजेच्या तारांवर आले. तिथून ते उसाच्या तुऱ्यांवर उतरले, तुऱ्यांवरून कालव्याच्या संथ पाण्यात, आणि पाण्यावरून पुलाच्या कठड्यावर. कठड्यावर बसलेल्या बगळ्याची एक बाजू पांढरी झाली. दुसरी करडीच राहिली. पलीकडे विहाराच्या छपराची टोके उजळली. भात वाफवणाऱ्या चुलींचा धूर त्या उजेडात निळसर दिसू लागला. कुणाचीही वाट न पाहणारी, रोजची सकाळ. थाविन तिच्याकडे टक लावून पाहत होता. ऊन जाईल तिकडे त्याची नजर जात होती. ते डांबरावर उतरले तेव्हा मात्र त्याने मान फिरवली. वळणापाशी पोलिसांनी ओढलेली पांढरी रेघ अजून पुसली गेली नव्हती.

"थाविन, उदबत्ती धर," सासू म्हणाली, आणि तिची नजर त्याच्या बोटांवर थबकली. "नखं केवढी वाढवलीस रे! पिकुन असती तर हात धरून कापली असती."

त्याने बोटे मुठीत लपवली.

थाविनची बायको पिकुन गेली त्याच दिवशी दवाखान्याच्या दारातून तिच्या आत्म्याला हाक मारून घरी आणले होते. पण ती आलीच नाही, असे तिच्या आईचे, थाविनच्या सासूचे, म्हणणे. स्वप्नात ती याच वळणावर उभी दिसे, डोक्यावर हेल्मेट तसेच. "मी हाका मारते, मारते, तिला ऐकूच जात नाही," आई सांगे. म्हणून आज भन्ते आले होते. ताटलीत पिकुनचा जांभळा ब्लाऊज होता, चिकट भाताचा गोळा होता, दोन केळी होती. इथे तिला हाक मारायची आणि पेटती उदबत्ती घेऊन घरापर्यंत चालत जायचे. वाटेत पूल आला की 'पूल आला गं' म्हणून सांगायचे, म्हणजे ती चुकत नाही. उदबत्ती विझली, तर ती मागेच राहिली असे समजायचे.

रस्त्याच्या कडेला विरोज हात जोडून उभा होता. पिकुनच्या स्कूटरला धडकलेली अननसांची पिकअप त्याची.

"हा कशाला आलाय?" सासूने त्याच्याकडे न बघताच विचारले.

"आई, मी हॉर्न वाजवला होता. खूप वाजवला. ती माझ्याच बाजूला येत राहिली."

"म्हणजे माझी पोर बहिरी होती का रे? मेल्या, सुसाट आलास तू!"

विरोजने मान खाली घातली. पोलिसांनाही त्याने हेच सांगितले होते, आणि तिथेही ते कुणाला पटले नव्हते. थाविनला विचारल्यावर तो एवढेच म्हणाला होता, "भरधावच असणार." पिकुनच्या फोनचा चाकाखाली चुरा झाला होता. ते कळले तेव्हा थाविनला क्षणभर हायसे वाटले होते. त्या क्षणाकडे त्याने पुन्हा कधी वळून पाहिले नाही.

भन्तेंचे पठण संपले. आई रस्त्याकडे तोंड करून ओरडली, "पिकुन! चल बाळा, घरी चल!"

उदबत्तीच्या टोकावरचा लाल ठिपका काळा झाला. थोंगदी मावशीने ती पुन्हा पेटवली. आईने पुन्हा हाक मारली. ती पुन्हा विझली.

"हट्टी कार्टी!" थोंगदी मावशी म्हणाली. गावातल्या साऱ्या मृतांना घरची वाट तीच दाखवी, आणि जिवंतांशी भांडावे तशी त्यांच्याशी भांडे. "ऊन चढतंय गं, पिकुन. माझ्या गुडघ्यांची तरी दया कर." मग ती सगळ्यांकडे वळली. "तिच्या कानावर शेवटचा आवाज कुणाचा पडला? त्याच्याच हाकेला ती वळेल."

"माझाच की," आई म्हणाली. "फाटकातून ओरडले होते मी, 'भाताचा डबा राहिला गं!' हात हलवून गेली."

"मग तुझ्या हाकेला का येत नाही?"

ऊन आता थाविनच्या हातावर आले होते. त्याची मूठ केव्हा उघडली ते त्याला कळले नव्हते. वाढलेली नखे त्या उजेडात काचेसारखी आरपार दिसत होती.

त्या दिवशी ती घरातून निघाल्यावर थोड्याच वेळाने त्याने फोन लावला होता. तिने उचलला नाही. त्याने पुन्हा लावला, मग पुन्हा. "अरे, गाडीवर आहे मी," ती हसली होती. "थांब, हेल्मेटमध्ये खोचते. हं, बोल."

थाविनने ताटलीतला ब्लाऊज उचलला आणि छातीशी धरला.

"पिकुन." तो पुन्हा म्हणाला, "पिकुन, नेलकटर खिडकीतच होतं गं. तू सांगितलंस तिथंच. मीच उगाच 'कुठं, कुठं, नीट सांग' करत बसलो. ठेव आता फोन. हेल्मेट काढ. घरी चल."

उदबत्ती पेटवायचे कुणाला सुचले नाही. आईची नजर सावकाश त्याच्या नखांवर आली आणि तिथेच राहिली. कडेला उभ्या असलेल्या विरोजने मान वर केली. थाविनने त्याच्याकडे पाहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाहिले.

विरोजने हॉर्न वाजवला होता. खूप वाजवला होता. थाविनने तो फोनमधून ऐकला होता, आणि तरीही तो बोलतच राहिला होता.