उशिरा सोडलेले शिंपले

कालवांची पैदास करणाऱ्या हॅचरीत पिल्लांना चिकटायला टाकीत जुने शिंपले सोडावे लागतात. आज सोडू, उद्या सोडू करता करता त्याला उशीर झाला आणि पिल्लं टाकीच्या भिंतीलाच चिकटली. खरवडायला जावं तर चिमुकली कवचं फुटत होती. शेवटी हात धुऊन तो बहिणीकडे गेला.

बायको वारल्यावर, घराची घडी बसेपर्यंत म्हणून त्याने तान्ह्या लेकीला बहिणीकडे ठेवलं होतं. आता कुठे, चार वर्षांनी, खोली रंगवून झाली होती.

"चल, आपल्या घरी," तो म्हणाला.

लेकीने आत्याच्या कमरेला घट्ट मिठी मारली. "आई, मला नाही जायचं," ती आत्याला म्हणाली.

बहीण ओशाळली आणि लेकीची बोटं एकेक करून सोडवू लागली.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "खरवडू नकोस."